वस्तादानं पुरलेला दगड

साल एकोणीसशे शहाऐंशी. माझं वय अडुसष्ट. शाळा दुसरीपर्यंत, मास्तर मारकुटा आणि मी हट्टी, दोघांचं जमलं नाही. त्यामुळं लिहिण्यात चुका निघतील. ज्याला काढायच्यात त्यानं खुशाल काढाव्यात. पण मी कोल्हापूरला मिशी घेऊन गेलो आणि बिनमिशीचा परत आलो, तेव्हा स्टँडवर सगळं गाव दात काढून हसलं. त्याचा जबाब तोंडानं द्यायचा नाही असं मी ठरवलं. तोंडानं सांगायला लागलं की सरजेराव मधेच बोलतो. कागदाच्या मधे कुणाला बोलता येत नाही.

नेसरी

सरजेराव माझ्या बरोबरीचा. सकाळी चहाला आम्ही स्टँडवरच्या हॉटेलात एकाच बाकड्यावर बसतो आणि रोज तो मला एकच विचारतो, "तात्या, आज दगड केवढा झाला?"

दगडाची गोष्ट नेसरीत पोरासोरांना पाठ आहे. तरी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाविसाव्या वर्षी मी कोल्हापुरात तालमीत राहत होतो. आमचे वस्ताद इमामसाहेब. तालमीच्या दारात एक काळा दगड पडलेला असायचा, गोल, उलट्या घंगाळासारखा, धरायला कुठंच कड नाही. तो उचलून छातीवर घ्यायचा आणि खांद्यावरून मागं टाकायचा, अशी जुनी रीत. भल्याभल्यांना गुडघ्याच्या वर जमला नव्हता. एका दुपारी मी तो खांद्यावरून मागं टाकला. बघायला दोघंच होते. एक वस्ताद आणि दुसरा माझा जोडीदार बाळगोंडा, हुपरीचा. दुसऱ्याच दिवशी बापाचा सांगावा आला, नांगरट अडलीय, निघून ये. मी निघून आलो तो आलोच.

पुढं काही महिन्यांनी बाजारात कुणीतरी सांगितलं, वस्तादांनी तो दगड हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीत, खोल पुरला. मला काय वाटणार? माझ्यामागं त्या दगडाला दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून वस्तादांनी माझा मान ठेवला. हेच मी गावाला सांगितलं, लेकरांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं. आणि बाळगोंडा? माझ्या लग्नाला आला नाही, बारशाला आला नाही, कधी निरोप नाही. जळला, असं मी म्हणायचो. त्याचं नाव निघालं की मी थुंकायचो.

तर यंदा थंडीच्या दिवसांत जावयानं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. तालमीच्या बोळात पुण्याहून माणसं आलीत, भुईच्या पोटातलं न खणता दिसायचं यंत्र घेऊन. दगड बघायचा असेल तर या.

निरोप हॉटेलातच आला, म्हणजे सगळ्यांनी ऐकला.

"आता झालं की तात्या," सरजेराव म्हणाला. "आणि यंत्रात दगड न्हाई दिसला तर?"

"तर मिशी उतरून येतो."

"समद्यांनी ऐकलं न्हवं? यंत्रात दिसला पायजे. तुमच्या सपनात न्हवं."

"यंत्रात," मी म्हणालो आणि चहा तसाच ठेवून उठलो.

कोल्हापूर, लेकीच्या घरी

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. गडहिंग्लजला गाडी बदलली, एका बाईची कोंबडी माझ्या पायावर बसून निपाणीपर्यंत आली.

माझी लेक शालन आणि जावई पांडुरंग तालमीपासून दोन गल्ल्या सोडून राहतात. जावई शिरोलीला फाउंड्रीत कामाला. लेकीनं तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि मटण केलं. आमच्याकडं कोंबडी शिजवली तर एकच रस्सा होतो आणि तो भातावर ओततात, आजऱ्याकडचा वासाचा भात. इथं दोन रश्शे वाटीवाटीनं पितात, चहासारखे. मी म्हटलं, जेवण आहे का औषध? जावई हसला. संध्याकाळी तो मला कट्ट्यावर घेऊन गेला. तिथं भर रस्त्यात म्हैस उभी, गवळी पेल्यात धार काढतोय आणि चांगली शर्ट-पँटवाली माणसं फेसासकट पितायत. आमच्याकडं म्हशीजवळ परका माणूस गेला तर ती दूध चोरते. इथली म्हैस गर्दी झाल्याशिवाय पान्हा सोडत नसेल. पण दूध चांगलं होतं. दोन पेले घेतले.

"जावईबापू, ते यंत्र खरंच दगड दावतंय?"

"मामा, म्या सवता बघितलं. आमी फाउंड्रीत वतलेला माल हातोडीनं ठोकून बघतो, आत पोकळ हाय का भरीव. तसंच हे भुईला ठोकतंय म्हना. फकस्त आवाज येत न्हाई."

मला ते पटलं नाही. आवाज न करता ठोकणं म्हणजे काय?

तालमीचा बोळ

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात गेलो आणि पहिला धक्का तिथंच बसला. यंत्राची मालकीण बाई निघाली. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी, साडीचा पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. वैद्य बाई म्हणायचे तिला. तिचा मदतनीस आदल्या दिवशी मिसळीवर तिखट रस्सा, म्हणजे कट, मागून मागून प्यायला होता, तो लॉजवर आडवा.

कोल्हापुरात रस्त्याखालून जुना दगडी पाट गेलाय, पूर्वी त्यातून गावाला पाणी यायचं. तो नेमका कुठून गेलाय हे आज कुणाला ठाऊक नाही. नवी पाइप घालायची तर खणताना तो फुटायला नको, म्हणून या बाईला आणलं होतं. यंत्र म्हणजे पत्र्याच्या ट्रंकेएवढी पेटी, खाली लाकडी पाट बसवलेला. ती दोरीनं भुईवरून ओढायची. पेटीतून जाड वायर दुसऱ्या यंत्राकडं जाते. त्याला मोटारीची बॅटरी जोडलेली आणि त्यातून कागद बाहेर येतो. कागदावर काळ्या रेघा जळत जळत उमटतात आणि केस जळाल्यासारखा वास सुटतो.

"ह्येला म्हनत्यात काय?" मी विचारलं.

"रडार, आजोबा."

मला हसू आलं. "बाई, रडार आमाला ठावं हाय. आमच्या गावात घराआड फौजी हाय. रडार आभाळातली इमानं हुडकतंय."

"तेच हे. फक्त तोंड खाली केलंय. ते जमिनीत हाक मारतं. आत काही वेगळं असलं की हाक परत येते."

मी म्हटलं, असेल. मग ती बोळातून पेटी ओढत गेली. कागदावर आडव्या रेघा, रेघा, रेघा, आणि मधेच एक कमान. पालथ्या टोपलीसारखी. बाईनं खडूनं रस्त्यावर फुली मारली. महापालिकेच्या दोघा गड्यांनी तिथं पहार घातली. मी वाकून बघत होतो. माझ्या कमरेइतकं खणल्यावर पहार ठण्ण वाजली. माती बाजूला केली तर पाटावरचं घडीव दगडाचं झाकण, वर चुना तसाच.

 मी जन्मभर भुई खणली. विहीर पाडली, बांध घातले, बैल पुरले. भुईच्या आत काय आहे ते खणल्याशिवाय देवाला पण कळत नाही असं मी धरून चाललो होतो. आणि ही पोरगी वर उभी राहून कागदावर वाचते. मी त्या भोकाजवळ उकिडवा बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. आपल्या पायाखाली सगळं उघडं आहे, कुणीही बघावं, असं वाटायला लागलं. चालताना पाय जपून पडायला लागला.

मग मी बाईला माझ्या दगडाचं सांगितलं. तिनं विचारलं, "केवढा आहे?" मी दोन्ही हात पसरले. ती म्हणाली, "एवढा असेल तर लपणार नाही."

हे मी नीट ऐकून ठेवलं. सरजेरावाला सांगायला.

तालमीत

इमाम वस्ताद कधीच वारले. आता तालीम त्यांचा मुलगा दस्तगीर बघतो. मी तालमीत होतो तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आता दाढी पांढरी. आत सगळं तसंच. कोनाड्यात मारुती, त्याला शेंदूर. दुसऱ्या भिंतीला मोहरमचे पंजे ठेवायची फळी. हौद्यातली माती लाल, तिला ताक, लिंबू, हळद, तेल पाजून पाजून मऊ केलेली. वास नाकात गेला आणि मला माझे जुने खांदे आठवले.

दस्तगीरनं मिठी मारली. "येसबाआण्णा! काय ही मिशी! आवो, ह्या मिशीला येगळं तिकीट काडलं आसंल एष्टीत!"

मी यंत्राचं सांगितलं. मी समजत होतो तो उड्या मारेल. पण त्याचं तोंड उतरलं.

"कशाला, आण्णा? ऱ्हाऊ दे की त्यो. निजलाय."

"निजलाय म्हंजे काय? आज उठवायचा."

"नगं."

"दस्तगीर, माझी मिशी पणाला हाय."

त्यानं नकाराची मान हलवली. पण मी ऐकत नाही हे त्याला बापाकडून ठाऊक असणार. तेवढ्यात बाई उंबऱ्यापर्यंत आली आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो, "हौद्यात न्हाई!" तालमीच्या मातीत बाईमाणूस पाय ठेवत नाही. तिथं मारुती आहे आणि वस्तादांची शिस्त आहे.

बाई रागावली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं. मग पेटी ओढणार कोण? मारुती?"

मी पायताण काढलं, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि दोरी खांद्यावर घेतली. बाई कागदाचं यंत्र घेऊन उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. मी ओढायला लागलो.

"हळू, आजोबा! हळू! नांगर नाही तो!"

मी जोरात ओढली की कागदावर सगळं चेंगरतं म्हणे. हळू ओढली तर मधेच थांबतो म्हणे. एकदा वायर धोतरात अडकून निसटली आणि यंत्र मुकं झालं. बाई म्हणाली, आता हाक तुमच्या धोतरात गेली. पोरं फिदीफिदी हसली. मी चौथ्यांदा पहिल्यापासून ओढली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, नवऱ्या मुलासारखी पावलं टाकत. मग बाईनं हात वर केला.

"झालं. या, बघा."

मी धोतरानं हात पुसून कागदासमोर बसलो. दोन्ही कडांना बारीक रेघा होत्या. पण हौद्याच्या मधोमध काहीच नाही. कोरा. पालथी टोपली नाही, कमान नाही, ठिपका नाही. कुणीतरी पुसून टाकल्यासारखा पांढरा चौकोन.

"दगड कुठाय?" मी विचारलं. माझाच आवाज मला सरजेरावासारखा वाटला.

"दिसत नाही."

"पुना वडतो."

पुन्हा ओढली. आडवी ओढली, उभी ओढली. तेच. पुण्याहून आलेलं यंत्र, ज्यानं रस्त्याखालचा चुना दाखवला, त्यानं माझा दगड दाखवला नाही.  खरं सांगतो, त्या घटकेला मला वाटलं, मी उचलला होता का खरंच? का सांगून सांगून उचलला?

"दगड नाही असं मी म्हणत नाही," बाई म्हणाली. "दिसत नाही म्हणते. हाक आत जाऊनच मरते. सगळीच माती इथं थोडी खारट आहे, ताकानं, घामानं. पण मधे फारच. आणि कड बघा किती सरळ आहे. खड्डा खणून मुद्दाम भरल्यासारखी. आजोबा, इथं कुणी मीठ ओतलं होतं का?"

"मीठ? तालमीत? मीठ कशापायी..."

मी दस्तगीरकडं बघितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला होता.

"दोन पोती," तो म्हणाला. "जाडं मीठ. बाबांनी वतलं. पोती म्या धरलती."

शेतकऱ्याला हे सांगायला नको. बैल मेला की आपण खड्ड्यात मीठ घालून पुरतो. पुरलेलं निवांत राहावं, कुत्र्याकोल्ह्यानं उकरू नये म्हणून. मेलेल्याला मीठ घालतात. दगडाला घालत नाहीत.

"दस्तगीर, दगडाला मीठ?"

"आण्णा, तुमी गेलासा त्येच्या दुसऱ्या दिशी बाळगोंडा दगडापाशी गेला. बाबा म्हनलं, नगं, तुझा घास न्हवं. त्यो म्हनला, येश्यानं उचलला तर मी का न्हाई? छातीपतूर घेतला की वो त्येनं! आनि मग मागं गेला. दगडासकट." दस्तगीरनं हातानं स्वतःची कंबर दाखवली. "हितनं खाली समदं गेलं. उभा न्हाई ऱ्हायला पुन्यांदा."

मला ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. मी म्हणालो, "कोन उभा न्हाई ऱ्हायला?"

"बाळगोंडा. बाबा म्हनलं, ह्या दगडानं मानूस खाल्लं, ह्येला निजवायचा. बैलागत मीठ घालून पुरला. कुनी पुना हात लावू नये म्हनून."

कुणी पुन्हा हात लावू नये म्हणून. शब्द माझेच. इतकी वर्षं मी हेच शब्द बाकड्यावर बसून छाती काढून सांगत होतो.

मी हौद्याच्या मधोमध खाली बसलो.  बाई पायरीवरून उठली, मग तिला मातीचं आठवलं असावं, उंबऱ्यातच उभी राहिली.

"मला कुनी सांगितलं का न्हाई?" मी ओरडलो. तालीम घुमली.

"त्येनंच आन घातलती. खाटेवर पडून बाबास्नी म्हनला, येश्याला कळवायचं न्हाई. त्येनं एवडा दगड उचलला, त्येच्या आनंदात माती नगं. कळलं तर त्यो येऊन माज्या उशाला बसंल आनि त्येचं शेत पडून ऱ्हाईल. ह्यो हट्टी हाय, म्हनला. बाबा मरताना मला बी तीच आन घालून गेलं." दस्तगीर डोळे पुसत होता. "आज यंत्रानं मोडली. म्या न्हाई मोडली."

"कवा मेला?"

"कोन?"

"बाळगोंडा."

"मेला न्हाई की! हुपरीत हाय. बसून चांदीची पैंजनं करतोय. सून हाय, नातवंडं हायती."

बैलाच्या पाठीत चाबूक बसावा तसं झालं. मेला असता तर मी रडलो असतो आणि सुटलो असतो. तो जिवंत होता. कोल्हापुरातून तासाभराच्या गाडीवर. आणि मी त्याच्या नावानं थुंकत होतो, वर्षानुवर्षं, भरल्या हॉटेलात, लोकांना हसवत.

 मग दस्तगीर म्हणाला, "आण्णा, मिशीचं काय? खनायचं? फावडं हाय. खनलं तर दगड घावंल, गावाला दावता येईल."

मी त्याच्यासाठीच आलो होतो. माझ्यापासून दोन-तीन हात खाली तो होता, हे आता शाबीत झालं होतं. फावडं भिंतीला होतं.

"खनायचं न्हाई," मी म्हणालो. "यंत्रात दिसायला पायजे अशी पैज हुती. दिसला न्हाई."

बाई हळूच म्हणाली, "आजोबा, कागदावर कोरं आहे, पण कोरं म्हणजे रिकामं नव्हे. मी तसं लिहून देते."

"नगं, बाई. वाचनारा सरजेराव हाय."

उठताना मी मधल्या भागाची मूठभर माती घेतली. धोतराच्या सोग्यात गाठ मारली. त्या रात्री लेकीनं भाकरी वाढली, ती तशीच ताटात राहिली. ती विचारत होती, आबा, यंत्रात काय दिसलं? मी म्हटलं, मीठ दिसलं.

हुपरी

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी हुपरीला गेलो. स्टँडसमोर न्हावी नुकताच दुकान उघडत होता. मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, मिशी काढ. तो म्हणाला, "पावणं, कोन वारलं काय?" मी म्हटलं, "न्हाई. जित्ता हाय. काढ." ओठावर वारा लागला तेव्हा उघडं पडल्यासारखं झालं.

हुपरीत घराघरातून बारीक ठोकण्याचा आवाज येतो, पाऊस पत्र्यावर पडावा तसा. आमच्या नेसरीत या वेळेला बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो. इथं बायकांच्या पायातली घुंगरं अजून कुणाच्या पायात गेलेली नसतात, तरी वाजतात. विचारत विचारत बाळगोंडाच्या दारात पोचलो. उंबऱ्याआत चटईवर एक टक्कल पडलेला म्हातारा मांडी न घालता बसलेला, पाय एका बाजूला ठेवून दिल्यासारखे. चिमट्यात पैंजणाची कडी होती. तोंड मला ओळखू आलं नाही. कान ओळखू आले. तालमीत मोडलेले, फुगलेले, माझ्यासारखेच.

त्यानं मान वर केली. तो पण आधी माझे कान बघत होता.

"येश्या," तो म्हणाला. "मिशी कुठाय?"

"दगडाखाली गेली."

त्यानं कडी खाली ठेवली.  आतून सून डोकावली. बाळगोंडा तिला म्हणाला, "च्या ठेव गं. दगडाचं सांगत न्हवतो का मी? ह्योच त्यो. खांद्यावरनं मागं टाकला ह्येनं. म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय."

मी त्याला विचारलं नव्हतं.

मी त्याच्यासमोर भुईवर बसलो आणि सोग्याची गाठ सोडली. त्यानं चिमूटभर माती घेतली, जिभेला लावली, आणि हसला. मग कुस्तीच्या आधी लावतात तशी ती माझ्या तळव्याला चोळली, आपल्या तळव्याला चोळली, आणि हात पुढं केला. मी हात दिला. त्याची पकड अजून तीच आहे.